पॅरालिसिस होऊन गेलेल्या माणसाला ॲलर्जीचा झटका आला तर?

तुम्ही विचारलेली हकीगत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आई ६१ वर्षांच्या, निपाणीजवळच्या गावात राहतात, बरीच वर्षं बिड्या वळण्याचं काम केलेलं. गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हाच्या तपासणीत मानेतली डावी मुख्य शीर सुमारे ७० टक्के अरुंद झाल्याचं निघालं आणि गोळ्यांवर ठेवलं गेलं. गेल्या आठवड्यात उसाच्या बांधावर त्यांना गांधीलमाश्या चावल्या. थोड्याच वेळात अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग जीभ जड होऊन उजवा हात गळाला. जवळच्या दवाखान्यात एव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) दिलं, सलाईन लावलं. ॲड्रेनलिन मात्र दिलं नाही, कारण ‘पॅरालिसिसचा पेशंट आहे, मेंदूतली शीर फुटेल.’ अर्ध्या तासाने बोलणं सुधारलं. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं की रक्त पातळ करणाऱ्या गोळीनेच ॲलर्जी वाढते, म्हणून इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, बंद केली. आता तुमचे प्रश्न: ॲलर्जीमुळे पुन्हा पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो का, ॲड्रेनलिन द्यायचं की नाही, गोळ्यांचं काय करायचं, पुढच्या महिन्यात ठरलेली डाय टाकून (शिरा स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात म्हणून औषध टोचून) करायची तपासणी मासे न सोसणाऱ्या बाईला चालेल का, आणि काजू खावेत का.

सगळ्यात आधी दोन तातडीच्या गोष्टी. आईंना शौचाला काळी होत नसेल, कुठून रक्त जात नसेल, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून इकोस्प्रिन पुन्हा सुरू करा. आणि न्यूरॉलॉजिस्टची भेट या आठवड्यातच घ्या, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, ते मी समजू शकतो. पण बोलणं जाऊन परत येणं हा मेंदूच्या रक्तपुरवठ्याने दिलेला इशारा असतो. अशा इशाऱ्यानंतर खरा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढचे काही आठवडे टिकून राहतो. त्यातून ज्या बाजूची शीर अरुंद आहे, त्याच बाजूच्या मेंदूची लक्षणं आली आहेत. डावा मेंदू म्हणजे उजवा हात आणि बोलणं. अशा वेळी मानेतली शीर साफ करण्याच्या ऑपरेशनचा फायदा लक्षणं आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत केलं तर सर्वांत जास्त मिळतो, नंतर तो घटत जातो. ऑपरेशन लागेलच असं मी इथून सांगू शकत नाही. पण तो निर्णय घेणाऱ्यासमोर आई लवकर जायला हव्यात.

आता मूळ प्रश्न. होय, तीव्र ॲलर्जीमुळे मेंदूचा झटका येऊ शकतो, आणि ज्यांच्या मेंदूच्या शिरा आधीच अरुंद आहेत त्यांना तो धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण तो कशामुळे, हे नीट कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

गांधीलमाशीचं विष, एखादं इंजेक्शन किंवा शेंगदाण्यासारखा पदार्थ ज्याच्या शरीराला सोसत नाही, त्याच्या अंगातल्या मास्ट पेशी एकाच वेळी फुटतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं रक्तात सोडतात. शिरा सैल पडतात आणि त्यांच्या भिंती गळायला लागतात. ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात रक्तवाहिन्यांतल्या द्रवाचा तिसऱ्या भागापर्यंतचा हिस्सा दहा मिनिटांत आजूबाजूच्या मांसात उतरू शकतो. बाहेर रक्ताचा थेंब सांडलेला दिसत नाही, पण आत रक्त कमी पडतं आणि उरलेलं दाट होतं. बी.पी. कोसळतं. घशाला सूज आली, दम लागला तर ऑक्सिजनही घटतो.

निरोगी मेंदू हे काही वेळ सोसतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव ऑक्सिजन मात्र सुमारे २० टक्के खातो, म्हणून त्याने स्वतःची सोय करून ठेवलेली असते. बी.पी. उतरलं की मेंदूतल्या बारीक शिरा रुंद होतात आणि प्रवाह टिकवतात. अरुंद शिरेच्या पुढच्या भागात मात्र या बारीक शिरा आधीच पूर्ण रुंद होऊन बसलेल्या असतात, त्यांना आणखी उघडायला जागाच नसते. उसाच्या फडात मोटारीचा दाब कमी झाला की पहिली कोरडी पडते ती पाटाच्या टोकाची सरी, तसं. मेंदूतही दोन मोठ्या शिरांच्या हद्दीवरचा भाग आधी उपाशी राहतो. शिवाय ज्यांना अनेक वर्षं बी.पी. आहे, त्यांच्या मेंदूला वरच्या दाबाची सवय झालेली असते. इतरांना सोसणारं १०० बी.पी. त्यांना सोसेलच असं नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं असावं असं मला वाटतं. आधी अंधारी, मग जीभ जड, मग हात. हा क्रम तुम्ही नीट टिपून ठेवलात, त्याचा डॉक्टरांना फार उपयोग होईल.

आणखी दोन वाटा आहेत, त्या थोडक्यात. ॲलर्जीच्या झटक्यात हृदयाच्या शिराही आवळू शकतात किंवा त्यांतली चरबीची गाठ फुटू शकते. याला कौनिस सिंड्रोम म्हणतात, ते १९९१ पासून वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. हृदय अडखळलं की मेंदूला रक्त कमी पडतं किंवा हृदयातली गुठळी मेंदूत जाते. म्हणून अशा पेशंटचा ई.सी.जी. काढायलाच हवा. दुसरी वाट थोडी कमी भीतीची आहे: बी.पी. पडलं, ताप आला किंवा साखर उतरली की जुन्या झटक्याची लक्षणं तात्पुरती वर येतात, नवीन इजा नसतानाही. हे जुनं की नवं हे घरी ठरवता येत नाही, तपासणीनेच कळतं.

रोजच्या ॲलर्जीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. सकाळच्या शिंका, गाजरगवताने येणारी खाज, पावसाळ्यात नाक चोंदणं, यांनी बी.पी. कोसळत नाही आणि त्यातून थेट झटका येत नाही. दम्याचं थोडं निराळं आहे. दम्याच्या रुग्णांत स्ट्रोकचं, म्हणजे मेंदूच्या झटक्याचं, प्रमाण काहीसं जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण दम्यामुळेच ते होतं असं सिद्ध झालेलं नाही. निपाणी भागात हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तंबाखूच्या धुळीत बसून आयुष्य काढलेल्या बायांना खोकला आणि दम असतोच, आणि घरात कुणीतरी बिडी ओढत असतं. आईंना दमा असेल तर तो आटोक्यात ठेवा, स्प्रे बंद करू नका, आणि घरात धूर होऊ देऊ नका. स्ट्रोकच्या दृष्टीने धूर बंद करणं हे ॲलर्जीच्या कुठल्याही गोळीपेक्षा मोठं काम आहे.

आता ॲड्रेनलिन. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण आमच्या भागात भीती आहे ती चुकीच्या गोष्टीची.

अंगावर पित्त (गांध्या) उठलं, त्याबरोबर चक्कर आली, दम लागला, आवाज बसला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती नुसती पित्ताची गोष्ट राहत नाही. तो ॲनाफिलॅक्सिस असतो आणि त्याचं पहिलं औषध ॲड्रेनलिनच. एव्हिल खाज कमी करतं, कोसळलेलं बी.पी. उचलत नाही. डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात, आणि साखर वाढते ती वेगळीच. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. झटका सुरू झाल्यापासून हृदय बंद पडायला लागलेला मधला वेळ असा होता: इंजेक्शनने आलेल्या झटक्यात ५ मिनिटं, माशीच्या डंखाने १५, खाण्याने ३०. एवढ्या वेळात डेक्सा काय करणार?

ॲड्रेनलिन सैल पडलेल्या शिरा आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनळ्या उघडतं आणि मास्ट पेशींना आणखी फुटण्यापासून थांबवतं. म्हणजे तुमच्या आईंच्या मेंदूला त्या क्षणी जे हवं होतं, बरोबर तेच. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन देऊ नये असं म्हणायला लावणारा कुठलाही आजार नाही. आधी स्ट्रोक झालेला असणं, बी.पी. असणं, हृदयविकार असणं, यांपैकी एकही नाही. या माणसांना उलट बी.पी. पडण्याची झळ लवकर लागते.

मग शीर फुटण्याची भीती आली कुठून? ती पूर्ण खोटी नाही. ॲड्रेनलिन शिरेतून, न पातळ करता, भसकन दिलं तर बी.पी. एकदम चढतं आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. धोका आहे तो चुकीच्या मार्गाचा आणि चुकीच्या मात्रेचा. योग्य मार्ग मांडीचा: मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत, सरळ आत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमधलं अर्धं. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा तेवढंच. शिरेतून द्यायची वेळ आलीच तर ती मॉनिटर लावलेल्या ठिकाणी, सवय असलेल्या डॉक्टरने, पातळ करून. मांडीतल्या इंजेक्शनने छाती धडधडते, हात थरथरतात, थोडा वेळ बी.पी. वर जातं. ते अपेक्षितच आहे.

दंडात कातडीखाली देण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूतून औषध रक्तात भरपूर पोचायला सरासरी ८ मिनिटं लागली, कातडीखालून ३४. इथे एक बारकी गोष्ट आहे, ती मी शिकाऊ नर्सेसना हातात धरून दाखवतो. घाईत पुष्कळदा इन्शुलिनची सिरिंज उचलली जाते, कारण ती ट्रेमध्ये वरच असते आणि तिच्यावर मात्रेच्या बारीक रेघा असतात. पण तिची सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं, स्नायूपर्यंत जातच नाही. एक इंच लांब सुईची साधी सिरिंज हवी. ॲम्प्यूल उजेडाकडे धरून बघायचं: पाणी स्वच्छ असेल तर ठीक, तांबूस झालं असेल तर फेकून द्यायचं. हे औषध महाग नाही, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या तालुक्यांतल्या प्रत्येक दवाखान्यात, जिथे एक तरी इंजेक्शन टोचलं जातं, तिथे ते हाताशी असायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे. मोहोळ उठणं, उसात साप चावणं, दुखण्यावरचं इंजेक्शन न सोसणं, या आमच्याकडच्या नेहमीच्या गोष्टी आहेत.

सापाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात घोणस चावलेले पेशंट येतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते आणि मेंदूत रक्तस्रावही होतो, गुठळीही होते. त्यावरच्या सर्पविषरोधक लसीची ॲलर्जी येऊ शकते हे खरं. पण त्या भीतीने, किंवा पेशंटला आधी पॅरालिसिस होऊन गेलाय म्हणून, लस टाळायची नसते. ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवायचं आणि लस द्यायची.

तुम्ही आईंच्या गोळ्यांची यादी दिलीत ते बरं केलंत. त्यातल्या दोन गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पहिली मेटोप्रोलॉल. ही गोळी ज्या दरवाज्यांतून ॲड्रेनलिन हृदयावर आणि श्वासनळीवर काम करतं तेच अडवते. त्यामुळे अशा पेशंटचा ॲलर्जीचा झटका जास्त तीव्र होऊ शकतो आणि कधी ॲड्रेनलिनला नीट दाद देत नाही. तिथे ग्लुकॅगॉन नावाचं इंजेक्शन उपयोगी पडतं, ते मोठ्या हॉस्पिटलातच मिळतं. आईंना ही गोळी फक्त बी.पी.साठी दिली असेल तर पर्याय आहेत. हृदयासाठी दिली असेल तर ती चालू ठेवावी लागेल. कसंही असो, स्वतःहून एकदम बंद करू नका, मेटोप्रोलॉल अचानक थांबवलं की हृदयाला त्रास होतो.

दुसरी एनालाप्रिल. या गटातल्या गोळ्यांनी, रामिप्रिलनेही, काही थोड्या लोकांना ओठ, जीभ, घसा सुजतो. गांध्या नाहीत, खाज नाही, नुसती सूज. ती गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा येते. ही हिस्टामिनची नव्हे, ब्रॅडीकायनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाची करामत असल्याने एव्हिल-डेक्साला ती फारशी जुमानत नाही. आईंचे ओठ या वेळी सुजले ते माशीमुळेच, कारण बरोबर गांध्या होत्या. पण अधूनमधून सकाळी उठल्यावर ओठ जाड वाटतो असं कधी झालंय का, हे त्यांना विचारा.

स्ट्रोकच्या पेशंटला याचं आणखी एक महत्त्व आहे. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. ते दिलेल्या शंभरांतल्या एक ते पाच जणांची जीभ सुजते, आणि एनालाप्रिल-रामिप्रिल घेणाऱ्यांत हे जास्त घडतं. सूज बहुधा लुळ्या पडलेल्या बाजूला असते, म्हणून घरच्यांना वाटतं की तोंड वाकडं झालंय त्याचाच भाग असेल. बहुतेक वेळा ती सौम्य असते, पण कधी श्वास अडवते. तेव्हा आय.सी.यू.त नेताना ‘आई एनालाप्रिल घेतात’ हे वाक्य न विचारता सांगा, आणि जिभेत फरक दिसला तर लगेच नर्सला बोलवा.

आता इकोस्प्रिन. आई ती गोळी वर्षभर घेत होत्या, काही झालं नाही. गांध्या उठल्या त्या माश्या चावल्यावर. मग दोष गोळीला देण्याचं कारण नाही. ॲस्पिरिनची खरी ॲलर्जी असते, ती अशी दिसते: गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते तीन तासांत गांध्या, सूज किंवा दम. दमा असलेल्या प्रौढांत सुमारे ७ टक्के लोकांना ती असते, विशेषतः नाकात मोड वाढलेले असतील तर. छातीत जळजळणं, पोट दुखणं ही ॲलर्जी नव्हे, त्यावर वेगळा इलाज आहे. पण फायलीवर एकदा ‘ॲस्पिरिन ॲलर्जी’ लिहिलं गेलं की ते कुणी पुसत नाही, आणि पेशंट जन्मभर त्या औषधाला मुकतो. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात, २००५ सालच्या, असं आढळलं की ॲस्पिरिन बंद केलेल्यांत पुढच्या चार आठवड्यांत मेंदूच्या झटक्याची शक्यता तिपटीहून अधिक होती. खरी ॲलर्जी निघालीच तर तिच्याऐवजी क्लोपिडोग्रेल ही गोळी आहे. पण एक बंद करून दुसरं सुरू न करणं, ही मधली फट धोक्याची.

दुखण्यावरच्या इंजेक्शनांबाबत मात्र मी कडक आहे. कंबर धरली, गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक टोचून घ्यायची आमच्याकडे सवय आहे. स्ट्रोक झालेल्या माणसाला ते दोन्हीकडून महागात पडतं. या गटातली औषधं स्ट्रोक आणि हार्ट ॲटॅकचा धोका वाढवतात, आणि डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनाने ॲनाफिलॅक्सिस झाल्याचीही उदाहरणं आहेत. आईंना पॅरासिटामॉल द्या, शेक द्या. सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. मेडिकलमधून मागून आणलेल्या पाकिटावर फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का ते वाचा. नाक मोकळं करणारी ही औषधं शिरा आवळतात आणि बी.पी. वाढवतात. याच जातीचं फेनिलप्रोपॅनॉलामिन २००० साली अमेरिकेत मेंदूतल्या रक्तस्रावाशी जोडलं गेलं आणि तिथल्या बाजारातून काढलं गेलं. शिंका-खाजेसाठी सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन चालतं, नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब. एव्हिलची गोळी वयस्कांना रोज देऊ नका. गुंगी येते, तोल जातो, लघवी अडते, आणि गुंगीत असलेल्या माणसाला नवा झटका आला तर तो घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

डायची तपासणी. मासे सोसत नाहीत म्हणून डाय सोसणार नाही, हा समज डॉक्टरांतही खोल रुजलेला आहे, पण तो बरोबर नाही. माशांची ॲलर्जी माशांतल्या प्रथिनांची असते, डायमध्ये असतं त्या आयोडीनची नव्हे. आजकालच्या डायने ॲलर्जीचा तीव्र झटका येण्याचं प्रमाण दहा हजारांत चारच्या आसपास आहे. गेल्या वर्षी आईंची डाय टाकून तपासणी झालीच असेल, तर तेव्हा काही झालं होतं का एवढं बघायचं. झालं असेल तर निराळी डाय वापरतात आणि १३, ७ आणि १ तास आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. किडनीचा रिपोर्ट मात्र सोबत न्या. आणि मानेच्या शिरेची पहिली तपासणी सोनोग्राफीने, डायशिवायही होते. ॲलर्जीच्या भीतीने शीर न बघता राहणं, हे आज तुमच्यासमोरचं सगळ्यात चुकीचं पाऊल ठरेल.

आमच्या सीमाभागात एक अडचण अशी आहे की ती पुण्या-बंगळूरच्या डॉक्टरांना जाणवत नाही. निपाणीचा पेशंट सोयीने कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला. हृदयाचा डॉक्टर एका राज्यात, मेंदूचा दुसऱ्या. एका हॉस्पिटलच्या फायलीत ॲलर्जी नोंदलेली असते, दुसरीकडे त्याचा पत्ता नसतो. गावातली चिठ्ठी मराठीत, सरकारी दवाखान्याची कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. आणि रात्री दोन वाजता गाडीत बसलेल्या माणसाला यांतलं काहीच सापडत नाही.

म्हणून एक पुठ्ठ्याचं कार्ड करा, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा. औषधांची मूळ नावं इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या, ती दोन्ही राज्यांत वाचली जातात. नुसतं लाल शाईने ‘ॲलर्जी’ लिहिलेलं कार्ड कुणाच्याही कामाचं नाही. कशाने, किती मिनिटांत, नेमकं काय झालं, काय दिल्यावर उतरलं, हे लिहा. आईंचं असं होईल: गांधीलमाशी, चावल्यावर थोड्याच वेळात गांध्या, ओठांना सूज, बी.पी. पडलं, बोलणं अर्धा तास गेलं. त्याखाली डावी शीर ७० टक्के अरुंद, आणि घेत असलेल्या गोळ्या, मेटोप्रोलॉल अधोरेखित करून. आईंचं नेहमीचं बी.पी. किती असतं तेही लिहा. तपासणाऱ्याला ११० चा आकडा चांगला वाटेल, पण रोज १५० असणाऱ्या बाईचा तो नव्हे.

पुन्हा कधी असं झालंच, तर आईंना जिथे असतील तिथेच आडवं करा, पाय पोत्यावर किंवा उशीवर उंच. उलटी होत असेल तर कुशीवर. दम फार लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका आणि चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. ॲनाफिलॅक्सिसमध्ये एकदम उठून बसल्या-उभं राहिल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी, आमसुलाचं सार काही घालू नका, बोलणं जड आहे म्हणजे गिळणंही बिघडलेलं असू शकतं. दवाखान्यात ‘ॲड्रेनलिन द्या’ असं स्पष्ट म्हणा, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि घड्याळ बघा. बोलणं बिघडलं ती वेळ लिहून ठेवा, आधी शेवटचं व्यवस्थित कधी बोलल्या तीही. बी.पी. सावरल्यावरही हात उठत नसेल, तोंड वाकडं असेल, शब्द फुटत नसेल, तर ॲलर्जी उतरण्याची वाट न बघता सी.टी.ची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या, कारण साडेचार तास त्याच वेळेपासून मोजतात. गांध्या पूर्ण गेल्या तरी काही तास दवाखान्यातच थांबा. ॲलर्जीचा झटका ओसरून पुन्हा उसळू शकतो.

तुमचं गाव दवाखान्यापासून लांब असेल तर घरी ॲम्प्यूल आणि सिरिंज ठेवण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. परदेशात मिळणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. एका माणसाने, शक्यतो दिवसभर घरी असणाऱ्या सूनबाईंनी, ते मांडीत कसं द्यायचं हे प्रत्यक्ष शिकून घ्यावं. वाचून शिकायची ही गोष्ट नव्हे.

राहिलं काजूचं. खानापूरहून पाहुण्यांनी आणलेले ओले काजू सोलताना आईंच्या हाताला आणि ओठांना आग झाली होती असं तुम्ही लिहिलंय. ओल्या काजूच्या टरफलात चीक असतो, तो बिब्ब्याच्याच कुळातला, कातडीला लागला की फोड येतात. त्याचा आणि काजू खाण्याच्या ॲलर्जीचा संबंध असेलच असं नाही. नंतर भाजलेले काजू किंवा काजूचं वाटण घातलेली भाजी खाऊन गांध्या, उलटी, घशात खाज असं काही झालं का, ते आठवून बघा. झालं नसेल तर खायला हरकत नाही. झालं असेल तर काजू बंद आणि त्याच कुळातला पिस्ताही बंद, ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत. खरं-खोटं करायला म्हणून घरी खाऊ घालून बघू नका.